चिंचेला चढवलेल्या नऊ माळा

घटाला माळ चढवताना माझी बायको शालिनी अजूनही फुलांवर फुंकर मारते. फुंकरीनं उडून जावं असं त्या माळेत आता काही नसतं. पूर्वी असायचं. झेंडूच्या पाकळ्यांत चिंचेची बारीक बारीक पानं अडकलेली असायची, आणि माळ चढवायच्या आधी ती उडवून लावणं हे नवरात्रातलं रोजचं काम होतं. पानं फरशीवर पडायची, पायांना चिकटून स्वयंपाकघरापर्यंत जायची आणि तिथून माझ्या नावानं ओरडा यायचा, "झटकून आणता येत नाही का हो माळ?" आता झटकायची वेळच येत नाही. यंदा पहिल्या माळेला तिनं फुंकर मारली, जरा थांबली आणि म्हणाली, "सवय काही जात नाही बघा." मी पेपरात डोकं घातलं.

नवरात्रात आमच्याकडे वार आणि तारीख फारसं कुणी विचारत नाही. "आज कितवी माळ?" असं विचारतात. परडीत काळी माती घालायची, त्यात धान्य पेरायचं, मधे घट ठेवायचा आणि रोज त्याच्यावर एक ताजी माळ सोडायची. कालची माळ काढायची नसते. आजची तिच्या शेजारी येते. खाली धान्य उगवून वर येत असतं आणि वरून माळा वाढत खाली येत असतात. नवव्या दिवशी पहिली माळ पार वाळून काळपट झालेली असते, शेवटची टवटवीत असते आणि मधल्या सातांवरून नवरात्र कसं सरलं ते ओळीनं दिसतं. लहानपणापासून बघत आलो, त्यामुळे त्यात काही विशेष वाटायचं नाही. दोन वर्षांपासून मात्र घटाकडे बघणं मला जड जातं. त्याचं कारण मी घरात कुणाला सांगितलेलं नाही.

मी एका सरकारी कचेरीत बत्तीस वर्षं आवक-जावक सांभाळली. आलेला कागद वहीत चढवायचा, जाणारा कागद वहीत चढवून पाठवायचा. मधल्या वेळात नोटिसा लिहून काढायच्या. या नोकरीनं मला फारसं काही दिलं नाही, पण दिसेल ते वाचायची खोड लावली. निवृत्तीनंतर रोज सकाळी मी आमच्या रस्त्यानं टोकापर्यंत जातो आणि परत येतो, आणि जाताना डाव्या बाजूच्या पाट्या वाचतो, येताना दुसऱ्या बाजूच्या. शालिनी म्हणते, माझं फिरणं म्हणजे रस्त्याची तपासणी असते.

पाट्यांवरूनच हा रस्ता बदलताना मी पाहिला. आधी दोन्ही बाजूंना बंगले होते. त्यांची नावं मातृछाया, श्रमसाफल्य, कृतार्थ अशी. त्या नावांवरून आतला माणूस कुठल्या खात्यातून निवृत्त झाला असेल, हे मी अंदाजानं सांगायचो. मग एकेक बंगला पडला आणि तिथे सात-सात मजले उभे राहिले. 'श्रमसाफल्य'च्या जागी गोदावरीच्या नावाची इमारत आली. तिच्या गच्चीवर चढून पाहिलं तरी गोदावरी दिसत नाही. सायकलवाल्याच्या दुकानात मोबाइलची कव्हरं लटकू लागली, नंतर तिथे केक आले. पिठाची गिरणी गेली आणि तिथे दात पांढरे करून देणारा दवाखाना आला. बसथांब्याची शेड एका पावसाळ्यात पडली ती पुन्हा कुणी उभारली नाही, तरी सिन्नरला कामाला जाणारी मंडळी सकाळी अजून तिथेच, शेडमध्ये उभं असल्यासारखी ओळीनं उभी असतात. हे बघितलं की मला बरं वाटतं. माणसांच्या पायांना जागा पाठ असते.

आणि रस्ता रुंद होत गेला. सिंहस्थ जवळ आला की नाशिकचे रस्ते रुंद होतात, हे आमच्या पिढीला काही नवीन नाही. आमच्या कोपऱ्यावरची चिंच पहिल्यांदा एका बंगल्याच्या कुंपणात होती. रस्ता वाढला तशी ती कुंपणाबाहेर आली, मग फुटपाथवर आली, आणि शेवटी फुटपाथही आक्रसला तेव्हा डांबराच्या अगदी काठावर आली. ती बिचारी जागची हललीसुद्धा नव्हती. तिच्या बुंध्याला कुणीतरी लाल-पांढरे पट्टे ओढून दिले, गाड्यांना दिसावी म्हणून. त्या पट्ट्यांना पाठ टेकून झुंबरबाई बसायची.

झुंबरबाई मखमलाबादकडून यायची. घरचा दोन-अडीच बिघे झेंडू, थोडी शेवंती, बांधाला गुलछडी. पहाटे फुलं तोडायची, मुलगा टेम्पोनं आणून सोडायचा, आणि शाळेच्या रिक्षा सुरू व्हायच्या आत ती पोतं अंथरून, पाण्याचा शिपका मारून तयार असायची. वर्षभर देवपूजेच्या पुड्या, आणि नवरात्रात माळा. दाभणात दोरा ओवून ती बोलता बोलता माळ करायची, हाताकडे बघायचीसुद्धा नाही. माळ मोजायची ती स्वतःच्या हातानं, कोपरापासून बोटांपर्यंत. पण तिचा हात कोपराला कधी सुरू व्हायचा नाही. दंडापासून धरायची आणि बोटांच्याही पुढे चार फुलं सोडून द्यायची. मी म्हणायचो, "झुंबरबाई, तुमचा हात खांद्याला सुरू होतो का?" ती म्हणायची, "देवाच्या कामाला हात आखडता नसतो, भाऊसाहेब."

मला ती भाऊसाहेब म्हणायची. कचेरीत होतो एवढंच तिला ठाऊक होतं आणि तेवढं पुरेसं होतं. चिंचेखाली बसून मी तिला काय काय वाचून दिलं असेल. विजेचं बिल, बियाण्याच्या पाकिटावरच्या सूचना, नातवाच्या शाळेची चिठ्ठी, दवाखान्याची फाइल. मी वाचलं की तिच्यापुरतं ते पक्कं व्हायचं. दुसऱ्या कुणी वेगळं सांगितलं तर ती म्हणायची, "भाऊसाहेबांनी वाचलंय." मला हे आवडायचं. खोटं कशाला बोलू, फार आवडायचं. निवृत्त झाल्यावर एवढ्या भरवशानं मला दुसरं कोण विचारत होतं?

नवरात्रात ती पहिली माळ झाडाला चढवायची. बुंध्यात तिच्या कमरेच्या उंचीवर एक जुना खिळा होता. एरवी त्याला तिची पाण्याची बाटली टांगलेली असायची. नवरात्रात बाटली खाली यायची आणि खिळ्यावर रोज एक माळ जायची, घटाला जाते तशी. मी एकदा विचारलं, "झाडाला का हो?" तर म्हणाली, "घटाला घरी सून चढवती. मी समदा दिस हितं असते. मंग माझा घट ह्योच." दसऱ्याला ती दाभण, तागडी आणि कात्री चिंचेच्या मुळाशी मांडून त्यांची पूजा करायची. आपट्याचं पान आधी चिंचेला द्यायची, मग आम्हाला.

दोन वर्षांपूर्वी, घट बसायच्या आदल्या दिवशी, त्या खिळ्याजवळ एक कागद चिकटवला गेला.

त्या दिवसांत माझ्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकत आला होता. डॉक्टरांनी सांगितलं होतं, आता लांबवू नका. मी म्हटलं, दिवाळी होऊ द्या. खरं सांगायचं तर मला भीती वाटत होती, आणि त्याहून जास्त लाज वाटत होती. अख्ख्या रस्त्याचं वाचणारा माणूस, आणि त्यालाच दिसेना. पाट्या पाठ होत्या म्हणून सकाळचं फिरणं निभावून जायचं. पेपर मी हातात धरून बसायचो आणि बातम्या शालिनीच्या तोंडून काढून घ्यायचो. तिच्याही हे लक्षात आलं नव्हतं, असं मी तेव्हा समजत होतो.

पहिल्या माळेच्या सकाळी मी गेलो तेव्हा झुंबरबाई त्या कागदासमोर हात पुसत उभी होती. म्हणाली, "भाऊसाहेब, ह्यो काय कागुद लावलाय बघा बरं. काल सांच्याला दोघं जण आले, चिकटवून गेले. बोलले नाय काय."

मी पुढे झालो. मला एक पांढरा चौकोन दिसला. खाली उजव्या हाताला गोल निळसर डाग, म्हणजे शिक्का. वर काहीतरी ठळक होतं, आणि मधे एक आकडा असावा. बाकी सगळं धुकं. मी नाक कागदाला लावलं असतं तर कदाचित दोन शब्द लागले असते. पण मागे दूधवाला उभा होता, एक ओळखीच्या बाई पुडीची वाट बघत होत्या, आणि झुंबरबाई माझ्या तोंडाकडे बघत होती. "चष्मा घरी राहिला" एवढं म्हणायला काय जात होतं? "मला दिसत नाही हो" हे तर आणखी सोपं होतं.

मी म्हणालो, "काही नाही. झाडं मोजताहेत. नंबर टाकलाय."

"मोजनी हाय व्हय!" तिचं तोंड उजळलं. "मंग बरंय. म्हंजी सरकारदरबारी नाव लागलं आमच्या चिंचीचं." आणि तिनं माझ्यासमोर पहिली माळ खिळ्यावर चढवली. माळ बरोबर शिक्क्यावर आली.

त्या नवरात्रातलं सगळं मला लख्ख आठवतं, डोळे अधू असूनसुद्धा. सकाळी फिरताना कानाला लागणारा किंचित गारवा, आणि दहा वाजता तोच रस्ता तापून निघायचा. द्राक्षाच्या छाटणीला निघालेल्या बायांनी भरलेल्या पिकअप, त्यांच्या डोक्याला बांधलेले रुमाल. मातीचे घट घेऊन बसलेला एक म्हातारा. आणि ओल्या झेंडूचा तो उग्र वास, जो हाताला लागला की जेवतानाही जात नाही. मी रोज माळ आणायला जात होतो आणि रोज चिंचेवर एक माळ वाढत होती. दुसरी साधी होती. तिसरी दाट होती, शेवंती घालून केलेली. चौथी त्याहून जड. पाचव्या दिवशी तर तिनं माळेला आंब्याची पानं लावली होती. मी चेष्टा केली, "काय झुंबरबाई, चिंचेचं लग्न काढलंय का?" ती दाभणातला दोरा दातानं तोडत म्हणाली, "असू द्या. तिला बी वाटतं की नटावं." मी हसलो. ती हसली की नाही ते मला दिसलं नाही.

नवव्या माळेला तिथे कागद आहे हे कुणाला सांगूनही पटलं नसतं. खालपासून वरपर्यंत नुसती फुलं. येणारे-जाणारे थांबून फोटो काढत होते.

मार्गशीर्षातल्या एका सकाळी करवतीच्या आवाजानं मी बाहेर आलो. तोपर्यंत वरच्या फांद्या खाली आल्या होत्या आणि रस्ताभर चिंचेचा पाला पडला होता. गाड्या त्याच्यावरून जात होत्या. मी यंत्र घेऊन उभ्या असलेल्या माणसाला म्हटलं, "अहो, हे काय चाललंय? असं विचारल्याशिवाय?" तो काही वाईट माणूस नव्हता. कानांवरची टोपणं खाली करून शांतपणे म्हणाला, "काका, नोटीस लावली होती ना. सात दिवस मुदत होती. कुणाची हरकत आली नाही."

कुणाची हरकत आली नाही. हे वाक्य मी आयुष्यात किती वेळा लिहिलं असेल, त्याची गणती नाही. मुदतीत हरकत प्राप्त झाली नाही, सबब कोणाचीही हरकत नाही असे समजून पुढील कार्यवाही करण्यात येत आहे. खाली साहेबांची सही, शेजारी माझी आद्याक्षरं. मला तो कागद न वाचताही आता पूर्ण वाचता येत होता. कुठल्या ओळीत काय असेल, कुठे स्वल्पविराम असेल, सगळं.

झुंबरबाई समोरच्या बाजूला उभी होती. पोतं घडी घालून काखेत धरलेलं, तागडी हातात. ती झाडाकडे बघत होती, मग तिनं माझ्याकडे बघितलं. मी हात वर केला नाही, रस्ता ओलांडला नाही. घरात आलो आणि दार लावून घेतलं. शालिनीनं विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "झाड पाडताहेत." ती खिडकीत गेली. मी गेलो नाही.

महिन्याभरानं माझं ऑपरेशन झालं. पट्टी काढल्यावर पुन्हा फिरायला लागलो तेव्हा पाट्या इतक्या स्वच्छ दिसल्या की मला हसू आलं. केकवाल्याच्या पाटीवर खाली बारीक अक्षरांत 'अंड्याविना' लिहिलंय, हे मला तेव्हा कळलं. कोपऱ्यावर आलो. तिथे गुळगुळीत डांबर होतं. झाड कुठे होतं ती जागा मी शोधली तर नेमकी सापडली नाही. दोन पावलं इकडे की तिकडे, यात मी बराच वेळ घालवला. मागून एका गाडीनं हॉर्न दिला तसा बाजूला झालो.

रस्ता रुंद झाल्यानं सोय झाली, हे मी नाकारणार नाही. पूर्वी द्वारका चौकातून घरी यायला जो वेळ लागायचा तो आता लागत नाही. शालिनीला चक्कर आली होती तेव्हा रिक्षा सरळ दवाखान्याच्या दारात गेली. शहरानं वाढू नये असं म्हणणारा मी कोण? मी स्वतः बाहेरून येऊन इथे घर बांधलेला माणूस. पण रिकाम्या डांबरावर ऊन पडलेलं दिसलं की मला वाटतं, यातलं थोडं ऊन माझ्यामुळे आहे.

मागच्या वर्षी नवरात्रात झुंबरबाई आमच्या रस्त्यावर नव्हती. कुणी सांगितलं, द्वारकेच्या कोपऱ्यावर बसते. तिथे गर्दीत गिऱ्हाईक थांबत नाही आणि पोतं अंथरायला जागा नाही, असंही कळलं. मला दुःख झालं, आणि सुटल्यासारखंही झालं. दोन्ही खरं आहे. मी फुलं मोबाइलवरून मागवली. प्लास्टिकच्या डबीत माळ आली, मोजून एक हात. शालिनीनं तिच्यावर फुंकर मारली आणि ती डबी बराच वेळ हातात धरून बसली.

यंदा पहिल्या माळेला फिरायला निघालो आणि समोरच्या बाजूला, एका बंद शटरच्या पायरीपाशी, रंगीत छत्री दिसली. खाली झुंबरबाई. केस जास्त पांढरे झालेले. मी वळलो आणि मागच्या गल्लीनं घरी आलो. दुसऱ्या दिवशीही तसाच. तिसऱ्या, चौथ्या दिवशीही डबीच आली. सहाव्या माळेला शालिनी म्हणाली, "झुंबरबाई आलीय परत. तुम्हाला दिसली नाही का? आता तर दिसतं तुम्हाला." ही बाई किती वर्षं काय काय ओळखून गप्प बसली असेल, देव जाणे. मी त्या दिवशी जेवलो नाही नीट.

सातव्या माळेला मी गेलो.

ऊन थेट छत्रीखाली शिरत होतं. तिनं फुलांवर ओलं पोतं टाकलं होतं आणि पदरानं मानेचा घाम पुसत होती. मला बघून म्हणाली, "या भाऊसाहेब. दोन वर्सं झाली. डोळं कसं हायेत आता?"

डोळ्यांचं तिला कुणी सांगितलं, ते विचारायचं सुचलं नाही. मी उभ्याउभ्याच बोलून टाकलं. "झुंबरबाई, तो कागद तुम्ही मला वाचायला सांगितला होता. मला दिसत नव्हतं. मी वाचलाच नाही. झाडं मोजताहेत असं मनानं सांगितलं. ती झाड तोडायची नोटीस होती. चूक माझी आहे. तुम्हाला तोंड दाखवायची मला लाज वाटत होती."

तिनं दाभण फुलात खोचून ठेवला. रागावली नाही. उलट मलाच काहीतरी लागलंय अशा नजरेनं बघत राहिली.

"मला ठाव व्हतं," ती म्हणाली. "तिसऱ्या माळंला सून आली व्हती टेम्पोत. तिनं वाचलं. वरचं मोठ्या अक्षराचं. म्हनली, आत्या, झाड तोडायचंय असं लिवलंय."

"तिसऱ्या माळेला? मग तुम्ही मला का नाही..."

"मला वाटलं, तुमी जानूनबुजून सांगितलं नाय. सनासुदीचं बाईला कशाला रडवायचं, म्हून. भाऊसाहेब वाचू शकत नाय असं कसं वाटंल मला? मंग मी बी तुमच्याम्होरं कळल्यावानी केलं नाय. तुमाला वाईट वाटंल म्हून."

मी पायरीवर बसलो.

ती खाली बघत पुढे बोलली, "चूक तर म्या केली. मला वाटलं, कागुद झाकून टाकावा. तोडनारे येतील, कागुद शोधतील, नाय दिसला तर फुडं जातील. म्हून तर दाट माळा घातल्या. दोन-दोन किलोच्या. दसऱ्याला कागुदच काढून घेतला." तिनं कमरेची पिशवी सोडली आणि आतून एक घडी काढली. कागद पिवळा पडला होता, जुना झाला म्हणून नाही, झेंडूच्या पाण्यानं. "ह्यो बघा. सुनंनं वरचं तेवढं वाचलं. खाली बारीक हाय, ते माळंखाली झाकलं व्हतं. तुमीच वाचा आता. समदं वाचा."

मी चष्मा लावला. घडीवर अक्षरं फुटली होती, पण लागत होती. बाजूनं बस गेली, एक दुचाकी हॉर्न वाजवत थांबली, कुणीतरी शेवंती आहे का विचारून पुढे गेलं. मी मोठ्यानं वाचत होतो. या नोटिशीद्वारे कळविण्यात येते की. रस्ता रुंदीकरणाच्या कामी अडथळा ठरणारा खालील वृक्ष. चिंच, एक. मग शेवटची बारीक ओळ आली. ती मला पाठ होती, तरी मी एकेक शब्द सावकाश वाचला. "याबाबत कोणाची हरकत असल्यास त्यांनी ती लेखी स्वरूपात, ही नोटीस लावल्यापासून सात दिवसांच्या आत या कार्यालयात सादर करावी."

"सात दिस," ती म्हणाली. तिनं बोटं मोजली. "म्हंजी आजच्याच माळंपत्तुर."

"हो."

"हरकत म्हंजी, झाड नको तोडू असं म्हनायचं?"

"हो. कागदावर लिहून द्यायचं. कुणीही दिलं तरी चालतं."

"मी बी?"

"तुम्हीसुद्धा. अंगठा चालला असता."

हरकत दिली असती तर चिंच वाचली असती, असं मी तिला सांगितलं नाही. मला ते ठाऊक नाही. बत्तीस वर्षांत आलेल्या हरकतींचं काय व्हायचं ते मी पाहिलेलं आहे. कित्येकदा त्या फाइलीला लागायच्या आणि काम व्हायचं ते व्हायचंच. पण त्या वहीत चढायच्या. मी स्वतः चढवायचो. अमुक गावचा अमुक नको म्हणतो, असं एका ओळीत तिथे कायमचं लिहिलेलं असायचं.

झुंबरबाई बराच वेळ रस्त्याच्या मधोमध बघत होती. झाड कुठे होतं ते तिला नेमकं माहीत होतं. तिनं कागद माझ्या हातातून घेतला, जुन्याच घडीवर घडी घातली.

"नको म्हनायचं व्हतं नुसतं," ती म्हणाली. "येवढं तर मला म्हनता आलं असतं, भाऊसाहेब."

तिनं दाभण उचलला आणि आमची माळ ओवायला घेतली.